दिल का दौरा नव्हता

(जालन्यात झालेल्या एका युवक शिबिरातील भाषणाचा लिखित मजकूर)



पत्रिकेवर माझा विषय 'रोजगार आणि तरुणाई' असा छापला आहे. विषय तोच ठेवतो, पण त्यातला जो भाग आपण घरात, मशिदीत, चहाच्या हॉटेलात कुठेच बोलत नाही, तेवढाच आज बोलणार आहे. ऐकताना कुणाला जड वाटलं तर खुशाल उठून बाहेर जा, पाणी प्या. बाहेर आपले दोन साथी बसले आहेत, त्यांच्याशी बोला. मला राग येणार नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत माझा चुलतभाऊ गेला. वय छत्तीस. आम्ही त्याला भाईजान म्हणायचो. सगळ्या मोहल्ल्यात सांगितलं, दिल का दौरा पडा. मीही सांगितलं, अगदी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. ते खोटं होतं. भाईजानने आत्महत्या केली होती. हे मी भाभीला विचारून बोलतोय. ती म्हणाली, "उनका नाम मत ले, लेकिन अब दौरा भी मत बोल." कसं झालं ते मी सांगणार नाही. तुम्हीही अशा घरी गेलात तर ते विचारू नका, त्या माहितीने कुणाचंच भलं होत नाही.

पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद करायला चाचांबरोबर मी गेलो होतो. हवालदार सभ्य माणूस होता, त्याने आम्हाला आधी पाणी दिलं. मग विचारलं, "मयताचा व्यवसाय?" चाचा म्हणाले, "मजुरी." "कारण काय लिहू?" चाचा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "घर का मामला." त्याने लिहिलं, घरगुती कारण. आम्ही सही केली.

आता खरं काय होतं ते ऐका. भाईजान अकरा वर्षं एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. कामगार ठेकेदाराचा, मिलचा नाही. पीएफ नाही, हातात पगाराची पावती नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, भट्ट्या बंद पडल्या. पुढे मिल सुरू झाली, पण ठेकेदाराने कमी माणसं बोलावली आणि त्यात हा नव्हता. मग मोसंबीच्या गाड्या भरणं, रंगकाम, मिळेल ते. आठवड्यात दोन दिवस काम, कधी एकच. भाभीच्या नावावर गटाचं कर्ज होतं, त्याचा हप्ता दर आठवड्याला. आणि हा माणूस काम नसलं तरी रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचा. मोतीबागेत बसायचा, दुपारी डबा खायचा, संध्याकाळी घरी यायचा. अम्मीला वाटायचं कामावर जातोय. हे आम्हाला नंतर कळलं.

म्हणजे कागदावर 'मजुरी' लिहिलं, तेव्हा त्याला धड मजुरी नव्हती. आणि 'घरगुती कारण' लिहिलं, तेव्हा घरात भांडण होतं हे खरं, पण ते हप्त्यावरून होतं.

हे दोन शब्द पुढे कुठे जातात, ते मला दोन वर्षांनी कळलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, ज्याला आपण एनसीआरबी म्हणतो, तो दरवर्षी देशातल्या अपघाती मृत्यू आणि आत्महत्यांचा अहवाल काढतो. ठाण्याठाण्यातल्या अशाच नोंदींतून तो बनतो. २०२२ चा अहवाल सांगतो की त्या वर्षी देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्या. सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. आता त्यातला कारणांचा तक्ता उघडा. 'कौटुंबिक समस्या' ३१.७ टक्के, 'आजारपण' १८.४ टक्के, आणि 'बेरोजगारी' जेमतेम दोन टक्के. वाचणारा म्हणेल, बेरोजगारीचा तर काही संबंधच दिसत नाही! मग पान उलटून व्यवसायाचा तक्ता पाहा. रोजंदारीवर काम करणारे २६.४ टक्के. चारातला एक. बेरोजगार म्हणून नोंद झालेले नऊ टक्क्यांच्या वर. आणि उत्पन्नाच्या तक्त्यात जवळपास दोन तृतीयांश लोक वर्षाला एक लाखाच्या आत कमावणारे.

एकच माणूस एका तक्त्यात 'मजूर' आहे आणि दुसऱ्या तक्त्यात 'घरगुती कारण'. हे दोन तक्ते एकमेकांना भेटत नाहीत.

२०१४ साली रोजंदारी मजुरांच्या १५,७३५ आत्महत्या नोंदल्या गेल्या, एकूण आकड्याच्या १२ टक्के. २०२१ मध्ये ४२,००४, म्हणजे २५.६ टक्के. शेतमजूर यात नाहीत, त्यांचा रकाना वेगळा आहे. देशात मजुरांची संख्याही वाढली असेल, नोंद करण्याची पद्धतही सुधारली असेल, हे मान्य करूनसुद्धा सात वर्षांत वाटा दुप्पट होणं ही किरकोळ गोष्ट नाही.

आपण मराठवाड्यातले लोक, आत्महत्या म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेतकरी येतो. यायलाच हवा. विभागीय आयुक्तालयाच्या आकड्यांप्रमाणे २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीव दिला, त्यातले २६९ एकट्या बीडचे आणि ७४ आपल्या जालना जिल्ह्याचे. पण तिथेही कागद काय करतो पाहा. शेतकऱ्याचं प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. नावावर सातबारा हवा, कर्ज हवं, नापिकी हवी, वसुलीचा तगादा हवा. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार रोख आणि बाकी ठेव म्हणून. जो दुसऱ्याच्या रानात राबतो त्याच्या नावावर सातबारा कुठून येणार? २०२२ मध्ये देशात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्यांपैकी ६,०८३ शेतमजुरांच्या होत्या आणि ५,२०७ शेतकऱ्यांच्या. मजूर जास्त. वर्तमानपत्रात फोटो मात्र तुम्ही कुणाचा पाहिलाय? मी शेतकऱ्याशी मजुराची स्पर्धा लावत नाहीये. एवढंच म्हणतो की भट्टीवरच्या, वेल्डिंगवरच्या, फरशी बसवणाऱ्या माणसासाठी 'अपात्र' म्हणायलासुद्धा समिती नाही.

सरकारी भाषेत 'बेरोजगार' कोण, हेही समजून घ्या. श्रमशक्ती पाहणीत सर्वसाधारण स्थिती मोजताना वर्षात तीस दिवस काम मिळालं तरी माणूस रोजगारात धरता येतो. साप्ताहिक स्थिती मोजताना आठवड्यात एक तासही पुरतो. त्यामुळे २०२३-२४ मध्ये देशातला बेरोजगारीचा दर निघतो ३.२ टक्के. ऐकायला किती छान! आमच्यासारख्या गरीब भागात बेकार राहणं परवडतच नाही. ज्याच्या घरी भाकरीची सोय आहे तोच बेकार राहू शकतो, बाकीचे कुठेतरी ओझं उचलतात आणि रोजगारात मोजले जातात. म्हणून इथे काम आहे की नाही, एवढ्यावर भागत नाही. उद्या आहे का, हे विचारावं लागतं.

हा प्रश्न आपल्याला जास्त का लागतो? सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की मुस्लिम कामगारांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारात आहेत. शहरात नियमित पगाराच्या कामावर आपले २७ टक्के, अनुसूचित जाती-जमातींचे ४०, ओबीसींचे ३६. स्वयंरोजगार म्हणजे काय, ते जालन्यात फिरून पाहा. हातगाडी, पंक्चर, गॅरेज, मटण, रिक्षा, भंगार. 'जालना सोने का पालना' असं आपल्याकडे म्हणतात. सळया देशभर जातात, बियाणं देशभर जातं, ते खोटं नाही. पण पाळण्याची दोरी महिन्याच्या पगाराची किती जणांच्या हातात आहे? महाराष्ट्रातला बहुतेक मुसलमान शहरात राहतो. आणि रोजगार हमी, जी १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्रात उभी राहिली, जिचा वि. स. पागेंनी आग्रह धरला, जिच्यावरून २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, ती खेड्यासाठी आहे. शहरातल्या हाताला काम मागायचा हक्कच नाही.

आणि ज्यांना आपण 'बाहेरचे' म्हणतो त्यांचं काय झालं तेही याच शहराने पाहिलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशची पोरं, गावाकडे पायी निघाली होती, थकून रुळांवर झोपली. ती आत्महत्या नव्हती. तरी मला ती इथे आठवते, कारण काम गेलं त्या दिवशी त्यांचा या शहराशी असलेला सगळा संबंध संपला. खोली, किराणा, ओळख, सगळं कामाला बांधलेलं होतं.

काम गेल्यावर माणसाच्या आत काय होतं, यावर एक फार जुना अभ्यास आहे. ऑस्ट्रियात मारिएनताल नावाचं एक गाव होतं, सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहणी केली आणि १९३३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी साध्या साध्या गोष्टी मोजल्या. लोकांना वेळच वेळ होता, पण वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. रस्त्यात पुरुष हळू चालायला लागले, मध्येच थांबायला लागले. बायका मात्र तशाच घाईत, कारण चूल बंद पडत नाही. काम पैशाखेरीज काय काय देतं ते याहोदाने पुढे मांडलं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपला उपयोग आहे ही भावना, चारचौघांत जागा. मी ते वाचलं आणि मला मोतीबागेतला डबा दिसला. भाईजान त्या डब्यातून दिवसाला आकार देत होता.

चारचौघांतल्या जागेबद्दल बोललं पाहिजे. आपल्याकडे रिश्ता आला की पहिला सवाल, "लडका क्या करता?" पोरगा कसा आहे हे कुणी विचारत नाही. मी एका अभ्यासिकेचं काम पाहतो. तिथली निम्मी मुलं विचारलं की सांगतात, "तयारी चालू आहे." तयारी हे बेकारीचं इज्जतदार नाव आहे, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. तलाठी, पोलीस भरती, रेल्वे, वय तीस होतं तरी तयारी चालूच. शेजारच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत २०२३ मध्ये जे आंदोलन पेटलं, त्याच्या मुळाशी हीच धग आहे. त्या काळात आरक्षणासाठी म्हणून काही तरुण मुलांनी जीव दिला. ती मुलं मराठा होती, आपली मुलं मुसलमान आहेत, पण बायोडाटामधली रिकामी ओळ एकच आहे. आपल्यालाही २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश मिळाला होता. न्यायालयाने शिक्षणापुरता तो ठेवला, तरी पुढे कायदा झालाच नाही. त्यावर बोलू, भांडू, पण आरक्षण मिळालं तरी सरकारी जागा किती, हे गणितही करू.

एक सावधगिरी. बेकार झाला म्हणजे माणूस जीव देतो, असं मी म्हणत नाही. बहुतेक लोक देत नाहीत. कर्ज, आजार, दारू, एकटेपणा, मनाचा आजार, असे अनेक धागे एकत्र पिळले जातात. काम जाणं हा त्यातला असा धागा आहे की तो तुटला की बाकीच्यांवर ताण येतो. जगात दरवर्षी सात लाखांवर लोक आत्महत्येने मरतात आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नुसता मनाचा दोष असता तर नकाशा असा दिसला नसता.

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्याला वाटतं, "आपल्यात हे होत नाही, हराम आहे." एनसीआरबी धर्मवार आकडे छापत नाही, पण २०१४ चे आकडे माहिती अधिकारातून बाहेर आले होते. मुसलमानांचा दर लाखामागे सात, देशाचा १०.६. कमी आहे, मान्य. श्रद्धेचा, मोहल्ल्याचा आधार त्यात असेलच. पण सतरा कोटींना सात लावा. वर्षाला बारा हजार माणसं होतात. आणि त्यात आमच्यासारख्या किती घरांनी दौरा सांगून टाकला असेल?

हराम हा शब्द जिवंत माणसाला थोपवत असेल तर त्याचे उपकारच आहेत. पण तोच शब्द मेलेल्याच्या घरावर मारला जातो तेव्हा काय होतं, ते मी पाहिलंय. दफनानंतर एका बुजुर्गांनी माझ्यासमोर विचारलं, "जनाजा पढाना चाहिये था क्या?" चाचा त्या दिवसापासून वर्षभर मोहल्ल्याच्या मशिदीत गेले नाहीत, लांबच्या मशिदीत जायचे. फिकहच्या बहुसंख्य विद्वानांचं मत जनाजा पढावा असंच आहे, हनफी मतही तेच. आणि सहीह मुस्लिममध्ये तुफैल बिन अम्र यांच्या साथीदाराची हदीस आहे. हिजरत करून आलेला तो माणूस आजारपण सहन न होऊन स्वतःच्या हाताने गेला, आणि पैगंबरांनी त्याच्यासाठी माफीची दुआ केली. ही हदीस खुत्ब्यात कधी ऐकली का तुम्ही? मी नाही ऐकली. इमामसाहेबांना भेटून विनंती करायला हरकत नाही.

लोक दवाखान्यात न्यायला घाबरतात, पोलीस केस होईल म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात आहे असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत राहिलंच नाही. फक्त सरकारी कामात दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न करणं तेवढा गुन्हा आहे. हे घराघरात सांगा.

भाईजान शेवटच्या महिन्यात एकदा म्हणाला होता, "मैं नहीं रहूंगा तो एक खाने वाला कम." आम्ही हसलो. झोप उडाली होती, जमातीत यायचा बंद झाला होता, फोन उचलत नव्हता. आज मला माहीत आहे की अशा वेळी सरळ विचारायचं असतं, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट माणूस बोलता होतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही. घरात फवारणीचं औषध असेल तर ते घराबाहेर, कुलपात. आणि १४४१६ लावायचा. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री चालते, मराठीत बोलता येतं. मला वाटायचं अशा नंबरवर काय होणार. गेल्या वर्षी अभ्यासिकेतल्या एका मुलासाठी मी स्वतः लावला. पलीकडच्या बाईंनी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं, मग जिल्हा रुग्णालयात कुठे जायचं ते सांगितलं. तो मुलगा आज पाठीमागे बसलाय की नाही, ते सांगणार नाही.

पण नुसतं ऐकून हप्ता भरला जात नाही. इंडोनेशियाचं उदाहरण देतो. सर्वांत जास्त मुसलमान असलेला देश, आपल्यासारखाच शेती आणि मजुरीवर जगणारा. तिथे २००७ पासून गरीब घरांना नियमित रोख रक्कम द्यायची योजना सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासलं तर योजना पोचलेल्या भागात आत्महत्यांचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी झालेलं होतं. डॉक्टर नाही, भाषण नाही, वेळेवर थोडे पैसे.

आपल्याकडे पैसा नाही का? रमजानमध्ये जकात निघते, राशनचे किट वाटले जातात, फोटो निघतात. किट घ्यायला भाईजान कधी गेला नसता. तो कमावता होता ना, देणाऱ्यांच्या रांगेतला. त्याला बाराशे रुपयांचा हप्ता चार महिने कुणी गुपचूप भरला असता तर? मी रोज हा हिशेब करतो. चार महिन्यांचे सोळा हप्ते, एकोणीस हजार दोनशे रुपये. त्या वर्षी आमच्या मशिदीच्या रंगकामाला याच्या कितीतरी पट खर्च झाला. मी मशीद रंगवू नका म्हणत नाही. बैतुलमालमध्ये एक वेगळी पेटी ठेवा, फक्त काम गेलेल्यांसाठी, नाव न फोडता, रमजानची वाट न पाहता, असं म्हणतो. आमच्या गल्लीत अकरा जणांनी भिशीसारखी सुरू केली आहे. आतापर्यंत तीन घरांचे हप्ते भरले. एका ठिकाणी आम्ही फसलोही, पैसे भलतीकडे गेले. चालायचंच.

दुसरं, कागद. फरशी, रंग, प्लंबिंग, सेंट्रिंग करणारे आपले किती जण बांधकाम कामगार मंडळात नोंदलेले आहेत? वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि ठेकेदार सही देत नाही, इथेच बहुतेकांचं अडतं. दाखला महापालिकेतून किंवा ग्रामसेवकाकडूनही मिळवता येतो. त्यासाठी खेटे घालावे लागतात, एकट्या मजुराला रोज पाडून ते परवडत नाही. त्याच्या वतीने खेटे घालायला तुम्ही आहात. 'तयारी' करणाऱ्यांना अर्ज भरायचा सराव दांडगा आहे, हे मी चेष्टेने म्हणत नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर दोन ते चार मी अभ्यासिकेत बसतो. पुढच्या शुक्रवारी बारा जणांचे अर्ज भरायचे आहेत, लॅपटॉप दोनच आहेत. ज्याच्याकडे असेल त्याने घेऊन यावा. मजुरांना सांगा, आधार, बँकेचं पासबुक आणि तीन फोटो आणा. चहा आमच्याकडून.